सात प्रश्नचिन्हं

आठ वर्षं झाली, ही गोष्ट माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला माहीत नाही. आईला माहीत नाही. देवापुढं बसते तेव्हासुद्धा मी या विषयाला वळसा घालून पुढं जाते — त्याला काय माहीत नसणार? पण आपण काढायचा नाही, एवढंच. आज तुम्हाला सांगतेय. आजच का, ते विचारू नका. मला ते धड सांगता येणार नाही.

आधी मी कोण ते ऐका. मी वेबसाइट बनवते. पुण्यात एका कंपनीत नऊ वर्षं काढली, मग नवऱ्याची बदली बारामतीला झाली आणि आम्ही जळोचीत फ्लॅट घेतला. हॉलच्या कोपऱ्यात एक टेबल, त्यावर लॅपटॉप, खिडकीतून समोर जनावरांच्या कडवळाचा, हिरव्या चाऱ्याचा एक तुकडा दिसायचा. आता तिथं बिल्डिंग आहे. तेच माझं ऑफिस. दवाखाने, शाळा, रोपवाटिका, मंगल कार्यालयं — सगळ्यांच्या साइटी केल्या. ‘ह्या पुण्याहून आलेल्या म्याडम,’ अशी माझी ओळख करून द्यायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? फार आवडायचं.

आणि खोटं कशाला बोलू, असं म्हणायचा अधिकार मला नाही, हे तुम्हाला पुढं कळेलच.

इंदापुरातल्या एका संस्थेनं मला काम दिलं. तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांना जे जे ठाऊक आहे ते त्यांच्या तोंडून ऐकायचं, टाइप करायचं आणि साइटवर ठेवायचं. संस्थेचे सचिव निवृत्त हेडमास्तर. सगळे त्यांना सर म्हणत, मीही सरच म्हणायचे. सरांनी पहिला माणूस निवडला तो बावड्याच्या बाहेर वस्तीवर राहणारे तात्या. वय ऐंशीच्या घरात. आता घरची शेती, पण तात्यांची हयात मेंढरांमागं गेलेली. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकून कोकणात उतरायचं आणि मिरगाच्या आधी माघारी यायचं. वाटेवरचा प्रत्येक तळ, प्रत्येक विहीर, कुठल्या गावात खतासाठी मेंढरं शेतात बसवून घेतात आणि कुठं कुत्री सोडतात — सगळं डोक्यात. लिहिता-वाचता येत नव्हतं. फोन पुढं धरून रेकॉर्ड करायला गेलं की गप्प बसायचे. माणूस समोर असला तरच बोलायचे.

तो माणूस म्हणजे नसीम. बावड्यात भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात एका टेबलावर ती टायपिंग करायची — अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका. बारावी झालेली, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, बोलायला तुरुतुरु आणि टायपिंग त्याहून तुरुतुरु. मला ताई म्हणायची. सर तिला म्हणाले होते, हे काम नीट झालं की तुला संस्थेच्या ऑफिसात कायमची घेतो. तिनं ते मला पहिल्याच भेटीत सांगितलं. दुसऱ्या भेटीत परत सांगितलं.

बाजाराच्या दिवशी तात्या दुकानात यायचे, तिच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसायचे आणि सांगायचे. ती ऐकत टाइप करायची. सुरुवातीला ती आधी वहीत लिहून घेत होती. मी तिला थांबवलं. म्हटलं, वही कशाला, दुप्पट वेळ जातो, थेट साइटवर टाक. हे मी बोलले. हे वाक्य लक्षात ठेवा — मी तर विसरू शकलेलेच नाही.

तिच्यासाठी मी एक पान केलं होतं. वर मराठीत ‘आपली आठवण इथे लिहा’, खाली मोठी चौकट, त्याखाली बटण. बटण दाबलं की हिरवी पट्टी यायची — ‘आपली माहिती जतन झाली आहे’ — आणि शेजारी तारीख. लिहिलेलं तिला परत दिसायचं नाही. सर तपासणार, मगच ते साइटवर झळकणार, असं ठरलेलं.

हे पान मी तपासलं होतं का? हो, तपासलं होतं. चौकटीत इंग्रजीतून ‘test test 123’ टाइप केलं, बटण दाबलं, आत जाऊन पाहिलं. होतं सगळं जागच्या जागी. झालं काम.

मराठी बाई, मराठी साइट, मराठी म्हातारा, मराठी मजकूर — आणि तपासणी इंग्रजीत. का? कारण कीबोर्डवर माझी बोटं मराठीत चालत नाहीत. कधी चाललीच नाहीत. आणि आमच्या धंद्यात हे सगळेच असंच करतात... नाही, हे खोडते. सगळे काय करतात ते सांगायला मी बसलेले नाही.

आता थोडं कामाचं सांगते, कंटाळू नका. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडे कळतात. कुठल्या अक्षराचा कुठला आकडा, याची एक यादी असते. माझ्या साइटचं पान मराठीची यादी जाणत होतं, म्हणून वरचं ‘आपली आठवण’ वगैरे छान दिसायचं. पण मजकूर जिथं जाऊन साठायचा तो आतला कप्पा मी होस्टिंगवाल्यानं, म्हणजे साइटला भाड्यानं जागा देणाऱ्यानं, दिला तसाच घेतला होता. त्या कप्प्याला जुनी, फक्त इंग्रजी आणि तिच्यासारख्या लिपींची यादी लावलेली होती. तिथं मराठी अक्षर आलं की तो ओळखायचा नाही. आणि ओळखलं नाही की ते अक्षर फेकून देऊन त्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवायचा. तक्रार करायचा नाही. हिरवी पट्टी यायचीच. एक सेटिंग बदलायचं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

चार महिने तात्या बोलले. चार महिने नसीमनं टाइप केलं. एकसष्ट नोंदी. एकसष्ट वेळा हिरवी पट्टी.

मधे एकदा तिचा फोन आला होता. ‘ताई, आज पाच मार्च हाय आन् तुमच्या साइटीवर तीन मे दावतंय.’ मी हसले. साइट समोरच्या माणसाला अमेरिकेतला समजून महिना आधी आणि दिवस नंतर लिहीत होती. वापरणारा भारतातला आहे, मराठी आहे, एवढं तिला सांगायचं राहिलं होतं. ते मी लगेच केलं. तारीख सुलट झाली, महिन्याचं नावसुद्धा मराठीत आलं. सरांनी मुद्दाम फोन करून शाबासकी दिली. तारीख सुलट झाल्याचं सांगायला मी नसीमला फोन केला, तेव्हा तिनं एक विचारलं होतं.

‘ताई, लिव्हलेलं परत बगाया मिळंल का? एकदा बगितलं म्हंजी जिवाला बरं.’

मी म्हणाले, काही गरज नाही. तारीख बरोबर येतेय ना? मग सगळं बरोबर आहे.

साइट लोकांपुढं आणायचा कार्यक्रम ठरला, हॉल ठरला, आणि त्याच्या आठवडाभर आधी सर तपासायला बसले. सकाळी अकरा वाजता त्यांचा फोन. ‘म्याडम, हे काय आहे? सगळी प्रश्नचिन्हंच आहेत.’ मी लॅपटॉप उघडला. पानंच्या पानं प्रश्नचिन्हं. स्वल्पविराम-पूर्णविराम तेवढे वाचले होते, आणि शब्दांमधली मोकळी जागा. तात्या बोलताना जिथं थांबले, तिथं नसीमनं स्वल्पविराम दिलेला — तो सगळा थांबा नीट राहिला होता. बोललेलं गेलं होतं.

काय झालंय ते मला पाच मिनिटांत कळलं. परत आणता येतं का? नाही. चुकीचं वाचलं गेलं असतं तर सुधारता आलं असतं. इथं अक्षरं आत शिरताक्षणीच टाकली गेली होती. भांड्यात दूध ओतलं आणि भांड्याला बूडच नाही — मग कुठलं दूध न् कुठलं काय.

दुपारी संस्थेत गेले. सरांच्या खोलीत नसीम आधीच येऊन बसलेली. दाराजवळच्या खुर्चीत तात्या, फेटा मांडीवर काढून ठेवलेला. सरांनी मला पाणी दिलं, म्हणाले, ‘म्याडम, आता तुम्हीच सांगा, नेमकं चुकलं कुठं?’

मी गाडीवरून येताना ठरवलं नव्हतं, हे खरं आहे. पण त्यानं काय फरक पडतो? तोंड उघडलं आणि मी म्हणाले, ‘टायपिंग जुन्या फॉन्टमध्ये झालेलं दिसतंय.’

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण बघा, किती पटणारं होतं ते! आमच्याकडं लग्नपत्रिका, फ्लेक्स, वाढदिवसाच्या जाहिराती अजून जुन्या फॉन्टातच टाइप होतात, आणि दुसऱ्या संगणकावर उघडल्या की ‘चि. सौ. कां.’च्या जागी भलताच कचरा दिसतो. ते प्रत्येकानं पाहिलेलं असतं. सरांनी लगेच मान हलवली. जुन्या फॉन्टानं कधीच प्रश्नचिन्हं येत नाहीत, इंग्रजी अक्षरांचा गोंधळ येतो — जाणकारानं एका नजरेत माझा खोटेपणा पकडला असता. पण त्या खोलीत जाणकार एकच होती. ती मी.

नसीम माझ्याकडं बघत होती. म्हणाली, ‘ताई, तुमी शिकवलं तसंच करत व्हते की मी. मोबाइलवर करतो तसंच.’

मी म्हणाले — अगदी समजूतदार आवाजात, तो आवाज मला अजून ऐकू येतो — ‘कधी कधी चुकून बदललं जातं गं. आपल्या लक्षात येत नाही.’

ती थोडा वेळ स्वतःच्या बोटांकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘आसंल ताई. माजंच चुकलं आसंल.’

ती भांडली असती तर? रडली असती, ओरडली असती, म्हणाली असती की दाखवा मला कुठं चुकलं ते? मी दाखवू शकले नसते. पण ती भांडली नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. पुण्याहून आलेल्या म्याडमवर.

तात्या एवढंच बोलले, ‘पोरीला बोलू नगा सर. मी बी तरणाताठा असताना मेंढरं घिऊन वाट चुकलोय. व्हतंय.’ आणि त्यांनी फेटा डोक्याला गुंडाळला.

बाहेर पायरीवर नसीमनं मला गाठलं. मला वाटलं आता बोलेल. ती म्हणाली, ‘ताई, मी नेमकं कंचं बटन दाबलं आसंल? म्हंजी परत न्हाय व्हनार.’

असलं बटण जगातल्या कुठल्याच कीबोर्डवर नाही. मी म्हणाले, ‘कॅप्स लॉक.’

परत येताना सणसरजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकले. पुढच्या ट्रॉलीतून एक ऊस अर्धा बाहेर आला होता, हिसका बसला की खाली यायचा, परत थांबायचा. मी त्याच्याकडं बघत होते. आता पडेल, मग पडेल. पडला नाही. घरी आले, हातपाय धुतले, पोहे केले, खाल्ले. ते सेटिंग बदललं. अर्धं मिनिट लागलं. मला काहीच वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात ना, तसं काहीतरी झालं होतं. आज उतरेल, उद्या उतरेल असं वाटायचं.

संस्थेच्या ऑफिसात नसीमऐवजी दुसरं कुणीतरी लागलं. सर कडक बोलले नाहीत, फक्त परत बोलावलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. तात्यांना नव्यानं सांगायला इंदापूरला बोलावलं. ते दोनदा एसटीनं गेले. नवा टायपिस्ट घाईचा, ‘पुढं सांगा, पुढं सांगा’ करणारा. तिसऱ्यांदा तात्या गेले नाहीत. आणि मग दोनेक महिन्यांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली.

मला हे कसं कळलं? सरांनी सांगितलं, साइटवर तात्यांचा फोटो टाकायचाय, वस्तीवर जाऊन काढून आणा. मी गेले. मी नाही म्हणू शकले असते. गेले.

पत्र्याच्या सपरात बाजेवर तात्या उशाला टेकून बसलेले. बाजेच्या कडेला नसीम. तिच्या मांडीवर वही. मला बघून तिला खराखुरा आनंद झाला. तात्यांच्या सुनेनं चहा टाकला. नसीम म्हणाली की दर दोन-तीन दिवसांनी ती दुपारी येते. टाइप करताना जे जे ऐकलं होतं त्यातलं जेवढं आठवतं तेवढं ती वहीत लिहिते आणि तात्यांना वाचून दाखवते. बरोबर असलं की तात्या मान हलवतात. चुकलं की डोळे मिटतात. ‘माज्या हातानं गेलं ना ताई,’ ती म्हणाली, ‘मंग माज्याच हातानं परत लिव्हायचं.’

मी चहा प्याले. साखर जास्त होती.

त्या दिवशी ती एकाच नोंदीवर अडली होती. तात्यांना एक धाकटी बहीण होती, सखू. चार वर्षांची. कोकणात उतरताना तळावर ताप आला आणि दोन दिवसांत गेली. तिला तिथंच पुरलं आणि बिऱ्हाड पुढं निघालं. आईनं बजावलं होतं, घरात पोरीचं नाव काढायचं नाही. कुणी काढलं नाही. आई-बाप गेले, वाटेचे सोबती गेले, जागा ठाऊक असलेले तात्या एकटे उरले. साठ-पासष्ट वर्षांनी त्यांनी ते पहिल्यांदा सांगितलं — नसीमला, झेरॉक्सच्या मशिनशेजारी बसून. नातवंडांनी कधीतरी जाऊन तिथं एक नारळ ठेवावा, एवढंच त्यांना पाहिजे होतं. नसीमला ते वाक्य जसंच्या तसं पाठ होतं: ‘सखूला अमक्या गावाच्या ओढ्याच्या काठाला पुरलं.’ सगळं आठवत होतं तिला. गावाचं नाव तेवढं आठवत नव्हतं. कधी ऐकलेलं गावच नव्हतं ते.

फोनवर कोकणचा नकाशा उघडून ती एकेक गाव वाचत होती. तात्या डोळे मिटत होते. दुसरं गाव. डोळे मिटत होते. पस्तीस-चाळीस गावं झाली असतील. मधेच तात्यांचं लक्ष उडायचं, नजर पत्र्याला लागायची, मग तिला कळेना की हे नाव चुकलं म्हणून डोळे मिटले की थकून मिटले. शेवटी त्यांनी डावा हात उचलून वहीवर ठेवला. पुरे. नसीम म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या तात्या, परवा बगू.’ मी फोटो काढला. फोटो चांगला आला.

आता जे सांगणार आहे तेच खरं सांगायचं होतं. आतापर्यंतचं तुम्ही कदाचित समजून घेतलं असेल — घाबरली, बोलून गेली, माणूस आहे. हे पुढचं घाबरून केलेलं नाही.

घरी येऊन मी त्या जुन्या नोंदी उघडल्या. तात्यांच्या नोंदी मी पुसल्या नव्हत्या. का नव्हत्या, माहीत नाही. प्रश्नचिन्हं मी म्हटलं तशी, एका खुणेला एक. अक्षराला एक, कान्याला एक, उकाराला एक, जोडाक्षराच्या आतल्या खुणेलासुद्धा एक. म्हणजे शब्द गेला तरी त्याची लांबी शिल्लक राहते. नसीमचं वाक्य मी कागदावर मांडलं आणि मोजलं. सखूला — पाच. गावाच्या — आठ. ओढ्याच्या — नऊ. काठाला — सहा. पुरलं — पाच. मग प्रश्नचिन्हांच्या रानात तीच ओळ शोधली. सापडली. पाच, सात, आठ, नऊ, सहा, पाच.

सखूच्या गावाच्या जागी सात प्रश्नचिन्हं होती.

तात्यांच्या वाटेवरची गावं मी नकाशावरून काढली. एक-एक नाव मोजलं. दीड दिवस बसले. सात खुणांची आणि जवळून ओढा जाणारी गावं निघाली तीन. फक्त तीन. मी ती डायरीत लिहिली. तीन नावं वाचायला किती वेळ लागतो? नसीम वस्तीवर जाणार, तीन नावं वाचणार, त्यातल्या एकाला तात्या मान हलवणार. एक फोन करायचा होता.

मी तो फोन केला नाही.

कारण ती विचारणार होती, ताई, तुमाला कसं कळलं? आणि खरं उत्तर एकच होतं — तू टाइप केलेलं प्रत्येक अक्षर माझ्या कप्प्याच्या दारापर्यंत जसंच्या तसं पोचलं होतं, एकही कमी नाही, एकही जास्त नाही, म्हणून तर मोजता आलं. तुझं काहीच चुकलं नव्हतं. ती सात प्रश्नचिन्हं सांगायची म्हणजे सगळंच सांगायचं होतं. आणखी एखादी थाप मारून ती नावं पोचवता आली नसती का? आली असती. एवढ्या मारल्या होत्या, अजून एक काय जड होती? ती पण मारली नाही. कोण विषय काढणार, म्हटलं. डायरी मिटली. दुसऱ्या दिवशी एका दवाखान्याची साइट द्यायची होती, ती दिली.

तात्या त्यानंतर सात महिने होते. सात महिने. रोज सकाळी उठून मी तो फोन न करायचं ठरवत होते असंही नाही. बरेच दिवस तर आठवणही यायची नाही. हे सगळ्यात वाईट आहे का? मला ठरवता येत नाही. उन्हाळ्यात तात्या गेले. मी दहाव्याला गेले होते. नसीम लांब बायकांत बसली होती, तिनं मला हात केला.

वर्षभरानं ती जळोचीला माझ्या घरी आली. वही घेऊन. एकसष्टपैकी बावीस नोंदी तिनं उभ्या केल्या होत्या, तात्यांनी मान हलवून पक्क्या केलेल्या. सरांनी त्या साइटवर घ्यायला होकार दिला होता. आता ती दुकानातच पोरींना टायपिंग शिकवते, असं बोलता बोलता म्हणाली. मी विचारलं, कसं चाललंय. हसत म्हणाली, ‘झ्याक. सगळ्या कीबोर्डांचं कॅप्स लॉक मी उपटूनच टाकलंय ताई. पोरी इचारत्यात, म्याडम, हितं भोक का?’

मी पण हसले. हसले मी.

तिनं वाचलं, मी मोबाइलवर अंगठ्यानं मराठीत टाइप केलं. दोन दुपारी लागल्या. आता कप्पा नीट होता, मी दर नोंदीनंतर परत उघडून बघायचे, तिलाही दाखवायचे. ती म्हणायची, किती बारीक ध्यान देता तुमी. सखूच्या नोंदीपाशी आलो. वहीत गावाच्या नावाची जागा तिनं कोरी सोडली होती, चार बोटं रुंद. माझी डायरी त्याच टेबलाच्या खणात होती. खण माझ्या गुडघ्याला लागत होता. मी विचारलं, इथं काय टाकू? ती म्हणाली, ‘मोकळी ऱ्हाऊ द्या. कुणाला तरी कदी तरी ठावं आसंल.’

मोकळी ठेवली.

सगळं संपल्यावर ती म्हणाली, ताई, खाली एक ओळ माझी टाका. मी म्हटलं, तुझं नाव टाकणारच आहे. ती म्हणाली, नाव न्हवं, ओळ. तिनं ती घरून लिहून आणली होती, शुद्ध भाषेत, वहीच्या शेवटच्या पानावर, खाली सही करून. मी ती वाचली. मग टाइप केली, एकेक अक्षर. ‘तात्यांच्या एकूण एकसष्ट आठवणी होत्या. टंकलेखन करताना माझ्या हातून झालेल्या चुकीमुळे बाकीच्या कायमच्या नष्ट झाल्या. त्याबद्दल मी तात्यांच्या कुटुंबाची आणि सर्वांची माफी मागते. — नसीम.’

ती शेजारी उभी होती, माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. मी बटण दाबलं. परत उघडून बघितलं. एकही अक्षर गळलं नव्हतं.

हिरवी पट्टी आली. आपली माहिती जतन झाली आहे.

ती ओळ आजही तिथं आहे.